पतीच्या नावावरील कर्जे आवाक्याबाहेर गेली आहेत. नादारीचा अर्ज करावा का?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. माझे पती अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरीला होते. कामगारकपातीत ती नोकरी गेल्यावर त्यांनी मित्राच्या शेडमध्ये जॉबवर्क सुरू केले. कामे मिळत होती, परंतु बिले चार-चार महिने अडकून राहत आणि मधला खर्च कर्ज काढून भागवला जाई. शेवटी शेड बंद करावी लागली. आता ते मिळेल तेथे सुटे काम करतात आणि महिन्याला साधारण १५,००० रुपये आणतात. माझा एका खासगी शाळेतील पगार हातात ३४,००० रुपये येतो.

कर्जे अशी आहेत. घरकर्ज दोघांच्या नावावर असून १८,४०,००० रुपये बाकी आहे व हप्ता २१,५०० रुपयांचा आहे. वित्तीय कंपनीचे वैयक्तिक कर्ज ६,२०,००० रुपये असून हप्ता १७,८०० रुपये आहे. त्याचे दोन हप्ते थकले आहेत. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून २,७०,००० रुपये आहेत आणि किमान रक्कम भरायची म्हटली तरी महिन्याला १३,५०० रुपये लागतात. पतसंस्थेचे ४,००,००० रुपये आहेत, हप्ता ११,२०० रुपये, तीन हप्ते थकले असून माझे थोरले दीर व पतींचे एक मित्र जामीनदार आहेत. माझे सहा तोळे सोने १,८०,००० रुपयांना तारण आहे. याशिवाय एका गृहस्थांकडून महिना पाच टक्क्यांनी १,५०,००० रुपये घेतले असून त्यांच्याकडे पतींचे सही केलेले तीन कोरे धनादेश आणि एक मुद्रांक कागद आहे. त्यांना महिन्याला नुसते व्याजाचे ७,५०० रुपये जातात.

म्हणजे ४९,००० रुपयांच्या उत्पन्नातून ७१,५०० रुपये द्यायचे आहेत. घरकर्जाचा हप्ता आजवर एकदाही चुकवलेला नाही, मात्र गेले काही महिने तो कार्डावरून पैसे काढून भरला आहे.

कर्जमुक्तीचा सल्ला देणाऱ्या एका संस्थेने आम्हाला सांगितले की सर्व हप्ते आजपासून बंद करा, आम्ही ४५,००० रुपये घेऊन ‘नव्या कायद्याखाली’ नादारी (कर्ज फेडण्यास असमर्थ असल्याचे न्यायालयाकडून जाहीर करून घेणे) करून देतो आणि सर्व कर्जे संपतात. हे खरे आहे का? नादारी घेतल्यास राहते घर जाईल का? दिरांना त्रास होईल का? पतींना अटक होऊ शकते का? पतींचे असेही म्हणणे आहे की घरातील त्यांचा हिस्सा माझ्या नावावर करावा आणि सिन्नर तालुक्यातील वडिलोपार्जित ३० गुंठ्यांतील त्यांच्या हिश्शाचे दिरांना हक्कसोडपत्र करून द्यावे, म्हणजे कोणाला हात लावता येणार नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी_खतावणी

ताई, मी बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे पलीकडच्या टेबलावरून हे प्रकरण कसे दिसते ते सांगतो. तुम्ही आकडे नीट दिले आहेत, फक्त सर्वांत महत्त्वाचा आकडा राहिला आहे: घराची आजची बाजारातील किंमत किती? तो कळल्याशिवाय नादारीबद्दल कोणीही काही ठाम सांगू शकणार नाही.

ही सहा कर्जे एकाच मापाने मोजू नका. मोठे कर्ज आधी की जास्त व्याजाचे आधी, या वादापेक्षा न भरल्यास कोण काय करू शकतो हे पाहावे लागते. घरकर्जाची बँक सर्वांत बलवान आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित (एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या मार्गावरचे) ठरते आणि मग सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँक दिवाणी दावा न लावताच घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. दुसरा क्रमांक पतसंस्थेचा. रक्कम लहान वाटली तरी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली तिला सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि वसुली अधिकारी त्या दाखल्यावर कर्जदाराप्रमाणेच जामीनदाराच्या मालमत्तेवर व पगारावरही जप्ती आणू शकतो. वैयक्तिक कर्जाच्या कंपनीला मात्र लवाद किंवा न्यायालय गाठावे लागते, कार्डाच्या बँकेलाही तसेच. म्हणजे जे दिवसातून दहा वेळा फोन करतात त्यांच्या हातात कायद्याचे बळ सर्वांत कमी असते, आणि जे शांतपणे पोस्टाने नोटीस पाठवतात त्यांच्याकडे सर्वांत जास्त. घाबरलेला कर्जदार नेमके उलट वागतो: फोन करणाऱ्याला पैसे देतो आणि पाकीट न उघडता कपाटावर ठेवतो.

तेव्हा कार्डावरून पैसे काढून घरकर्ज भरणे या महिन्यापासून बंद करा. कार्डाची किमान रक्कम भरत राहिल्याने मुद्दल जवळजवळ हलत नाही; तिथले व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात जाते. पगारातून आधी घरकर्ज भरा.

सोन्याचे म्हणाल तर सध्या तोळ्याचा भाव एक लाखाच्या वर असताना १,८०,००० रुपयांसाठी सहा तोळे अडकवून ठेवणे परवडणारे नाही. ते सोडवून विकले तर घट वजा जाता चार लाखांच्या आसपास हाती उरावेत, आणि तेवढ्यात पतसंस्था मिटते. स्त्रीधन विका असे लिहिताना मलाही बरे वाटत नाही, परंतु व्याज थकले तर त्याचा लिलाव होणारच आहे.

वसुलीच्या फोनबद्दल: सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नये, नातेवाइकांसमोर अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. तसे घडल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते.

गोदाकाठ

मनःपूर्वक आभार. आमच्या इमारतीत याच वर्षी असाच दोन खोल्या व हॉलचा फ्लॅट ३८ लाखांना गेला. आम्ही २०१६ मध्ये घेतला तेव्हा सर्व धरून २४ लाख लागले होते. पतींच्या भविष्य निर्वाह निधीत अडीच लाखांच्या वर रक्कम आहे. तीही काढून कर्जात घालावी असा विचार चालू आहे. सोन्याबद्दल सासूबाईंशी बोलावे लागेल, त्यातील पाटल्या त्यांच्या आहेत.

वकील_दिवाणी

प्रथम ‘नव्या कायद्या’विषयी, कारण त्या नावावर ठिकठिकाणी पैसे उकळले जात आहेत. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ मध्ये व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे हे खरे आहे. मात्र तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू करण्यात आला. तुमच्या पतींसारख्या सामान्य कर्जदाराला तो अजून लागू नाही. त्यात लहान कर्जदारांसाठी ‘नव्याने सुरुवात’ नावाची तरतूदही आहे, परंतु तिच्यासाठी वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या, मालमत्ता २०,००० रुपयांच्या आणि कर्ज ३५,००० रुपयांच्या आत असले पाहिजे, शिवाय मालकीचे घर नसावे. आणि तीही अमलात आलेली नाही.

म्हणून आजही व्यक्तीची नादारी जुन्याच कायद्याने चालते: मुंबई शहरासाठी १९०९ चा कायदा व उच्च न्यायालय, आणि नाशिकसह उर्वरित महाराष्ट्रासाठी प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० व जिल्हा न्यायालय. ५०० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज असलेला आणि ते फेडण्यास असमर्थ असलेला माणूस अर्ज करू शकतो. ५०० चा आकडा १९२० मधील आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही. अर्ज मंजूर झाला की अर्जदाराची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या (मालमत्ता सांभाळून विकण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीच्या) ताब्यात जाते, तशी अधिसूचना प्रसिद्ध होते, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय बिनतारणी धनको (कर्ज देणारे) वसुलीची कारवाई करू शकत नाहीत. ऐकायला हे मोठे संरक्षण वाटते. परंतु तारण असलेल्या धनकोचे हात त्याने बांधले जात नाहीत. बँक घरावर आपला हक्क बजावू शकते. पुढे मुक्तीचा (उरलेल्या कर्जांतून सोडवणारा) आदेश मिळाला तरी जामीनदार सुटत नाही. सरकारी देणी, फसवणुकीतून उद्भवलेली देणी आणि पोटगी त्यातून सुटत नाहीत. धनादेश न वटल्याचा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालील फौजदारी खटलाही नादारीच्या आदेशाने आपोआप थांबत नाही. मुक्तीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि मालमत्तेतून रुपयाला आठ आणेसुद्धा धनकोंना मिळत नसतील तर तसे होण्यात आपला दोष नव्हता हे न्यायालयाला पटवून द्यावे लागते. तोपर्यंत नादार व्यक्तीला ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत कोठेही निवडून येता येत नाही आणि कंपनीचे संचालक होता येत नाही.

आता तुमचा हिशेब पाहू. घर ३८ लाखांचे, त्यावर १८,४०,००० रुपये कर्ज. म्हणजे १९,६०,००० रुपये घरात शिल्लक आहेत. घर सोडून बाकीची सर्व देणी मिळून १६,२०,००० रुपये. न्यायालयापुढे पहिलाच प्रश्न असा येईल की हे कुटुंब देणी फेडण्यास असमर्थ आहे, की घर विकण्यास तयार नाही? निम्मे घर तुमचे आहे आणि घरकर्ज वगळता कर्जे पतींची आहेत, हे म्हणणे मांडता येईल. परंतु अर्ज मंजूर झाला तर पतींचा अर्धा हिस्सा रिसीव्हरकडे जाईल आणि अशा वेळी घर तुमच्या सोयीने नव्हे, त्याच्या सोयीने विकले जाईल. घर वाचवण्यासाठी नादारी घ्यायची आणि नादारीमुळेच घर हातचे जायचे, असा हा प्रकार होईल. तुमच्या परिस्थितीत मी हा अर्ज तयार करून देणार नाही.

हिस्सा तुमच्या नावावर करणे आणि दिरांना हक्कसोडपत्र देणे, ही दोन्ही पावले कृपया उचलू नका. मोबदल्याशिवाय केलेले असे हस्तांतरण नादारीपूर्वीच्या दोन वर्षांतील असल्यास रद्द ठरवता येते. आणि नादारीचा विषय नसला तरी धनकोंना चुकवण्यासाठी केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ खाली आव्हानास पात्र असते. शिवाय आज जे केवळ न फेडता आलेले कर्ज आहे त्याला उद्या लबाडीचा रंग येतो.

भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका. ती रक्कम निधीत असेपर्यंत कोणत्याही दिवाणी हुकूमनाम्यात (न्यायालयाच्या वसुलीच्या आदेशात) जप्त होत नाही. काढून खात्यात आणली की ते संरक्षण टिकेलच असे नाही. अटकेबद्दल: केवळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले आहे, ऐपत असून बुद्धिपुरस्सर टाळणाऱ्याची गोष्ट वेगळी. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. तुमचा पगार फक्त घरकर्जापुरता जबाबदार आहे, कारण त्यात तुम्ही सहकर्जदार आहात. कधी काळी पगारजप्ती आलीच तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात. ३४,००० रुपये पगार धरला तर जास्तीत जास्त ११,००० रुपये कापले जाऊ शकतात.

एक_जामीनदार

कायद्याचे वर आले आहेच, मी दुसऱ्या बाजूचे सांगतो. माझ्या साडूंच्या कर्जाला मी जामीन होतो. त्यांचे कर्ज थकले आहे हे मला त्यांच्याकडून कळले नाही. कार्यालयातील लेखापालांनी वसुलीचे पत्र सर्वांसमोर माझ्या टेबलावर ठेवले तेव्हा कळले. पैसे मी भरले, आणि आमच्या दोन घरांत तेव्हापासून हळदी-कुंकवाचेही येणे-जाणे नाही. करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, आधी कर्जदाराकडे जा असे तो म्हणू शकत नाही. तेव्हा सोने विकण्याचे ठरो वा न ठरो, पती-पत्नी दोघे मिळून या रविवारी दिरांकडे जा आणि आकडे कागदावर दाखवा. त्या मित्रालाही कळवा. दीर घरचे म्हणून समजून घेतील, मित्राला तुमचा संसार दिसत नाही.

सहकार_खाते

महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली शासनाने ठरवलेले दर शेतकरी नसलेल्या कर्जदारासाठी तारण असल्यास १५ टक्के आणि तारण नसल्यास १८ टक्के आहेत, तेही परवानाधारक सावकारासाठी. परवाना नसताना सावकारीचा धंदा करणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि अशा सावकाराला न्यायालयातून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी द्यायची असते.

येथे एक अडचण मात्र नेहमी येते. एखाद्याने ओळखीत एकदाच उसने दिले असतील तर तो सावकारीचा धंदा ठरत नाही. तो गृहस्थ अनेकांना व्याजाने पैसे देतो, हे दाखवावे लागते. त्याच्याकडून घेणारे आणखी दोघे-तिघे तुम्हाला नक्की माहीत असतील, त्यांच्याशी बोला. आजवरचे व्याज कशाने दिले? ऑनलाइन पाठवले असेल तर खात्याचे उतारे काढून ठेवा. रोख दिले असेल तर इथून पुढे एक रुपयाही रोख देऊ नका. कोरे धनादेश कोणत्या क्रमांकांचे आहेत हे धनादेश पुस्तकाच्या पावत्यांवरून लिहून काढा आणि तक्रारीत ते क्रमांक नमूद करा. उद्या त्याने मोठी रक्कम भरून ते बँकेत टाकले, तर आधीच्या तारखेची ही तक्रार उपयोगी पडेल. तो धनादेश न वटल्यावर त्याची नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत वकिलांमार्फत उत्तर गेलेच पाहिजे, गप्प बसू नये.

सातपूरकर

सर्वांचा रोख घर विकण्याकडे दिसतो, त्याला माझा विरोध आहे. नाशिकमध्ये एकदा घर विकले की पुन्हा घेणे नोकरदाराच्या हातात राहत नाही. सोन्यातून पतसंस्था मिटली, सावकाराचे व्याज थांबले, की महिन्याला फक्त घरकर्ज उरते. वैयक्तिक कर्ज आणि कार्डे थकू द्यावीत आणि वर्षभराने निम्म्यात तडजोड करावी. अशा तडजोडी सर्रास होतात.

जुनी_खतावणी

सातपूरकर, तुमचा हिशेब अगदीच चुकीचा नाही. ४९,००० मधून २१,५०० वजा जाता २७,५०० उरतात आणि काटकसरीने घर चालते. तडजोडीही होतात हे मी स्वतः पाहिले आहे, परंतु ती एकरकमी असते. निम्मे म्हटले तरी ८,९०,००० रुपयांचे साडेचार लाख एकदम कोठून आणणार? आणि सुटे काम मिळणे दोन महिने बंद झाले तर घरकर्ज थकते. घर विकायचे की नाही हे आज ठरवण्याची गरज नाही. घराला गिऱ्हाईक काय येते हे मात्र आजच पाहायला हवे. खाते नियमित असताना केलेली विक्री आणि ताब्याच्या नोटिशीनंतरची विक्री यांत भावाचा मोठा फरक पडतो, दलालांना वास लगेच येतो. पद्धत अवघड नाही. बँकेकडून थकीत रकमेचे व जमा असलेल्या मूळ कागदपत्रांच्या यादीचे पत्र घ्यायचे. खरेदीदाराची बँक तुमचे कर्ज परस्पर फेडते आणि उरलेली रक्कम तुम्हाला मिळते. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. भांडवली नफ्यावरील कर किती बसेल ते आधी विचारून घ्या.

तडजोड केलीतच तर कंपनीच्या अधिकृत पत्रावर रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही येणे राहणार नाही’ हे शब्द आल्याशिवाय पैसे भरू नका, आणि भराल ते कर्जखात्यातच भरा, वसुली करणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर नव्हे. सिबिलच्या (कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत ‘सेटल्ड’ असे राहील आणि काही वर्षे नवे कर्ज मिळणे कठीण जाईल. तुमच्या घराला सध्या नवे कर्ज न मिळणे हे नुकसान आहे असे मी मानत नाही. आणि त्या ४५,००० वाल्या संस्थेला एक रुपयाही देऊ नका. सर्व हप्ते बंद करा असे सांगताना तिने घरकर्जही त्यात धरले, यावरूनच तिची परीक्षा झाली.

गोदाकाठ

दिरांशी बोलणे झाले. ते रागावले, पण नंतर त्यांनीच पतसंस्थेत सोबत येण्याचे मान्य केले. आज पतसंस्थेमार्फत सहायक निबंधक कार्यालयाची कलम १०१ ची नोटीस आली असून पुढच्या महिन्यातील तारीख आहे. सोने सोडवायला तोपर्यंत वेळ लागला तर काय करावे? वकील द्यावा लागेल का?

वकील_दिवाणी

तारखेला पतींनी स्वतः हजर राहावे, गैरहजर राहू नये. गैरहजेरीत एकतर्फी दाखला निघतो आणि मग त्याविरुद्ध पुनरीक्षणाला (वरिष्ठ अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला) जायचे तर दाखल्याच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्याआधी पतसंस्थेला लेखी अर्ज देऊन खातेउतारा मागा आणि दंडव्याज कसे लावले ते तपासा. सोने विकून अमुक तारखेपर्यंत पूर्ण रक्कम भरतो असे त्याच अर्जात लिहा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि ती प्रत सुनावणीत दाखल करा. बहुतेक पतसंस्था एवढ्यावर मुदत मान्य करतात आणि दंडव्याजात सूटही देतात. वकिलाचा खर्च नको असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते, परंतु येथे कर्जदार पती असल्याने त्यांच्या नावाने अर्ज करावा लागेल आणि त्यांच्या उत्पन्नाचा दाखला सोबत मागितला जाऊ शकतो. तो तहसील कार्यालयातून यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात टाकून ठेवा.